नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेने एका मात्रेत मोठी गंमत करून ठेवली आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. हल्ली बारशाच्या घरी ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. आत पाळण्यापाशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बाहेर ओट्यावर बसलेली मंडळी त्या नावाला नावे ठेवतात. "हे कसले नाव? कुठल्या देवाचे? आजीच्या जिभेला तरी वळते का?" मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतो, "महाराज, तुम्हीच सांगा, असे नाव असते का?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. आता गळ्याने साथ सोडली, कीर्तन थांबले. चिपळ्या खुंटीला आहेत. पण विचार करायला आणि लिहायला गळा लागत नाही.

मी पेठचा. नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने घाट ओलांडला की आमचा तालुका लागतो. नागली, वरई आणि भात पिकवणारा हा डोंगराळ मुलूख. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती मोठी. माळकरीही गावोगाव आहेत आणि अखंड हरिनाम सप्ताहाची प्रथा पाड्यापाड्यावर पोचली आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून मी परत आलो आणि पुढची पन्नास वर्षे याच मुलखात उभा राहिलो. कीर्तनकाराला लोक कीर्तनापुरते बोलावत नाहीत. बारसे, लग्न, तेरावा, सगळीकडे त्याला विचारतात. त्यामुळे नावे सुचवण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले.

प्रथम शास्त्राचे बोलू, कारण 'शास्त्रात नाही' असे म्हणून नवीन नावाला नावे ठेवणारे पुष्कळ. पंचांगात अवकहडा चक्र असते. नक्षत्रे २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणजे अक्षरे १०८. आपल्या तुळशीच्या जपमाळेचे मणीही १०८. ज्या चरणावर जन्म, त्या अक्षरावरून नाव ठेवायचे. पण हेच कोष्टक नीट पाहा. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला अक्षर आहे 'ङ'. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण'. उत्तराभाद्रपदाच्या चौथ्या चरणाला 'ञ'. आता 'ङ'ने सुरू होणारे नाव कुणी ऐकले आहे का? नाहीच. मग काय करतात? दुसरे अक्षर घेतात आणि बारसे उरकतात. बाळ काही बिननावाचे राहत नाही. म्हणजे शास्त्र सांगणाऱ्यांनीही माणसाच्या सोयीला वाट मोकळी ठेवली आहे. ती वाट आपण नातवंडांसाठी बंद का करावी?

दुसरा आक्षेप असा की नाव देवाचे हवे आणि ते पोथीत सापडायला हवे. पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. संध्येत भगवंताची चोवीस नावे घेतात, केशवापासून कृष्णापर्यंत. त्यात विठ्ठल नाही. विष्णुसहस्रनामात एक हजार नावे आहेत. तिथेही विठ्ठल नाही. ज्या नावासाठी आपण आयुष्यभर उभे राहिलो, ते नाव त्या हजारांतही नाही! 'विठ्ठल' शब्दाचा अर्थ काय यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा केवढा ग्रंथ याच दैवतावर खर्ची घातला. पण शेतात औत धरणाऱ्या माणसाने त्या नावाचा अर्थ कोशात पाहिला नाही. त्याने हाक मारली आणि त्याला ओ मिळाली. हाक मारून मारून ते नाव मोठे झाले. तेव्हा 'हे नाव आधी कुठे ऐकले नव्हते' हा वारकऱ्याच्या तोंडी शोभणारा आक्षेप नव्हे.

आपल्या संतांच्या घरची नावे पाहा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना गावाने वाळीत टाकले होते. त्यांच्या लेकरांना गावाने 'संन्याशाची पोरे' असे एकच नाव दिले होते आणि ते टोचण्यासाठीच दिले होते. आईबापांनी मात्र काय नावे ठेवली? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विषयांतून मागे फिरणे, मग ज्ञान, मग पायऱ्या चढणे, शेवटी मुक्ती. चार लेकरांच्या नावांत सगळा परमार्थ ओवून ठेवला. थोरल्याची समाधी आमच्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे जमणाऱ्या गर्दीला गावाने ठेवलेले नाव आठवत नाही, आईबापांनी ठेवलेले तेवढे आठवते.

नामदेवरायांच्या घरी दामाशेटी आणि गोणाई. मुलांची नावे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव, पण घरात हाक नारा, विठा, गोंदा, महादा. आज कुणी पत्रिकेवर 'गोंदा' छापील का? पण अभंग याच नावांनी आहेत. तुकोबांच्या वडिलांचे नाव बोल्होबा. आज एखाद्या शाळेत 'बोल्होबा' असे नाव हजेरीत आले तर वर्ग हसेल. तुकोबांच्या लेकी काशी, भागीरथी आणि गंगा. संसारात दुष्काळ, दिवाळे, पहिल्या पत्नीचा आणि मुलाचा मृत्यू एवढे सारे सोसलेल्या त्या घराने मुलींना तीर्थांची नावे दिली.

आणि सर्वांत मोठी गोष्ट मंगळवेढ्याची. ज्यांची सावलीही गाव टाळत असे, त्या घरातली भाऊ-बहीण म्हणजे चोखा आणि निर्मळा. चोखोबांच्या नावाची आंबा चोखल्याची कथाही आख्यानात सांगतात, तीही गोड आहे. पण साध्या मराठीत 'चोखा' म्हणजे शुद्ध आणि 'निर्मळा' म्हणजे मळ नसलेली. ज्यांना जग अशुद्ध म्हणत होते, त्यांची नावे अशी. कीर्तनात हा भाग आला की मी थोडा थांबत असे. अशा घरातल्या आईने अंगणात उभे राहून 'चोख्या' म्हणून हाक मारली असेल, तेव्हा त्या हाकेत सगळ्या गावाला उत्तर होते.

आता माझ्या स्वतःच्या नावाकडे येतो. माझे पाळण्यातले नाव धोंडू. माझ्या आधी आईची दोन मुले गेली होती. म्हणून मी जन्मलो तेव्हा मला सुपात घालून उकिरड्याच्या कडेपर्यंत नेले, 'टाकून दिलेले पोर' म्हणून सुईणीने उचलले आणि आईने पसाभर नागली देऊन मला तिच्याकडून विकत घेतले. ही रीत तेव्हा पुष्कळ ठिकाणी होती. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका, उकिर्डा ही सारी नावे त्याच भीतीतून आली. चांगले नाव ठेवले तर दृष्ट लागेल, मृत्यूचे लक्ष जाईल. धोंड्याला कोण नेतो? कचऱ्याकडे कोण पाहतो? आईने मला धोंडू म्हटले, ते मी राहावा म्हणून.

शाळेत एका मास्तरांनी 'धोंड्याला काय शिकवायचे' असे म्हणून वर्गाला हसवले होते. पुढे कीर्तनकार झाल्यावर एका सप्ताहाचे संयोजक म्हणाले, "महाराज, पत्रिकेवर धोंडू बरे दिसत नाही. दुसरे काही छापू का?" मी म्हटले, "पंढरीला नामदेवांची पायरी कशाची आहे? त्या पायरीवर पाय पडू नये म्हणून लाखो माणसे वाकून चालतात. तिच्या जातीचे नाव आहे माझे. आहे तसे छापा." त्यांनी छापले आणि श्रोते काही कमी आले नाहीत.

आमच्या आदिवासी भागात नाव ठेवण्याची रीत आणखी साधी होती. ज्या वारी जन्म, त्या वाराचे नाव. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारचा बुध्या, शुक्रवारची शुकरी. त्यात तिथी नको, पंचांग नको, दक्षिणा नको. सहा मैलांवरून ब्राह्मण बोलावण्याचा खर्चही नाही. पुढे मुले आश्रमशाळेत जाऊ लागली तेव्हा कुणीतरी रजिस्टरात परस्पर नावे बदलली. सोम्याचा सोमनाथ झाला, ते एक वेळ ठीक. पण काहींना घरी ठाऊकच नव्हते की पोराचे कागदावरचे नाव काय. पुढे जातीच्या दाखल्याला, जमिनीच्या वारसनोंदीला एकाच माणसाची दोन नावे निघाली आणि तालुक्याला खेटे सुरू झाले. या नावांना ज्यांनी 'गावंढळ' म्हटले, त्यांनी एवढा तरी विचार करायचा होता की वाराचे नाव हे काळाचे नाव आहे, आणि काळ म्हणजे कोण हे गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंतांनीच सांगितले आहे.

नावांवरचा हा अधिकार आपल्या समाजात फार काळ वरच्यांच्या हातात होता. गावकुसाबाहेरच्या माणसाने देवाचे किंवा राजाचे नाव ठेवले तर गाव ते नाव मोडून हाक मारी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता अशी नावे आली. त्या वेळी तीही कानांना नवीनच होती. आज कुणाला ती वेगळी वाटतात? विचित्र वाटणे हे बहुतेक वेळा कानाच्या सवयीचे असते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, महाराज सगळ्याच नावांची बाजू घेतात. तसे नाही. एक नाव आहे ज्याची बाजू मी कधी घेतली नाही आणि घेणार नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर मी वाखरीच्या तळावर होतो. सगळ्या संतांच्या पालख्या तिथे जमतात, दिंड्या एकमेकींत मिसळतात. माण तालुक्याकडची एक साठीची बाई आमच्या राहुटीपाशी पाणी मागायला आली. डोक्यावर तुळस होती. मी सहज विचारले, "माउली, नाव काय आपले?" ती म्हणाली, "नाव इचारू नका महाराज. माउलीच म्हना. वारीचे वीस दिस मला कुनी नावानं हाक मारत न्हाई, म्हून तर मी येते."

मी गप्प राहिलो. पाणी पिऊन झाल्यावर तिनेच सांगितले. चौथी मुलगी म्हणून तिचे नाव ठेवले होते नकुसा. नको असलेली. ती हसून म्हणाली, "घरी म्हनत्यात, जेवाय ये नकुसा. आता तुमीच सांगा महाराज, यावं का न्हाई?"

पन्नास वर्षांत मला अनेक शंका विचारल्या गेल्या. द्वैताच्या, अद्वैताच्या, प्रारब्धाच्या. त्या सगळ्यांना काही ना काही उत्तर होते. या शंकेला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिच्या पायाला हात लावला, तिने माझ्या. वारीत तसे करतातच, त्यामुळे आजूबाजूला कुणाला काही वेगळे वाटले नाही.

नाव कुरूप असण्याचे दुःख मला लहानपणापासून ठाऊक होते. पण धोंडू आणि नकुसा यांत केवढे अंतर आहे ते मला त्या तळावर कळले. दोन्ही नावे वाईटच दिसतात. पण 'धोंडू' म्हणताना आई देवाला सांगत होती की याला नेऊ नकोस. 'नकुसा' म्हणताना घर देवाला सांगत होते की अशी पुन्हा पाठवू नकोस. एका नावात मूल धरून ठेवले आहे, दुसऱ्यात ढकलून दिले आहे. शब्दाच्या रूपावरून नावाची परीक्षा होत नाही. नाव कशासाठी ठेवले, ते पाहावे लागते.

आणि हे एकट्या माणदेशाचे पाप नव्हे. हरियाणात मुलीचे नाव 'भतेरी' ठेवतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात 'धापू', म्हणजे पोट भरले. बंगालमध्ये 'आन्नाकाली', म्हणजे कालीमाते, आता आणखी मुलगी नको. तमिळ मुलखात 'वेंडाम', म्हणजे नको. चीनमध्ये मुलीला 'झाओदी' म्हणत, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण. भाषा किती वेगवेगळ्या, पण हाक एकच.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेने एक कार्यक्रम केला. जिल्ह्यातल्या २८५ नकोशी, नकुसा शोधून काढल्या आणि त्यांना नवीन नावे दिली. नवे नाव लिहिलेले प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हातात दिले. कुणी सिनेनटीचे नाव घेतले, ऐश्वर्या. कुणी सावित्री घेतले. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच सातारा जिल्ह्यातले. त्या मुलींपैकी कुणी सिनेमातले नाव निवडले म्हणून काही जण हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. जिला आयुष्यभर 'नको' म्हणून हाक मारली, तिने 'हवे' म्हणून स्वतः निवडलेली ती पहिलीच गोष्ट असेल.

पण कागद बदलला म्हणजे मन बदलले असे होत नाही. त्याच २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, हाच आकडा ९१३ होता. गर्भलिंग चाचणीवर बंधन घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला, तरी हे घडले. पूर्वी 'नको' हे जन्मल्यावर नाव ठेवून सांगत. पुढे जन्माआधीच सांगू लागले. जिचे नाव नकुसा ठेवले ती निदान वाखरीपर्यंत चालत आली. जिला नावच मिळाले नाही ती कुठे आली?

आमच्या पेठच्या पाड्यांवर हे नाव मी कधी ऐकले नाही. इथे लग्नात मुलीच्या बापाला देज देण्याची रीत होती, मुलगी म्हणजे काम करणारे दोन हात, ती कुणाला जड वाटत नव्हती. शहाणपण शिकायला घाट चढून खाली शहरातच जावे लागते असे नाही. मात्र आता हुंडा घाट चढून वर येऊ लागला आहे. त्याच्या मागोमाग काय येते ते सांगायला नको.

वारकऱ्याने या गोष्टीचा विचार वेगळ्या बाजूनेही करावा. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण, आचार सोडून बसलेला, वय ८८. दहा मुलांपैकी धाकट्याचे नाव नारायण. मरणाच्या वेळी यमदूत दिसले आणि त्याने घाबरून पोराला हाक मारली. त्या हाकेने विष्णुदूत धावले. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. जुन्या माणसांनी मुलांना देवाची नावे ठेवली त्यामागे हीच युक्ती होती. दिवसभरात आई पोराला पन्नास वेळा हाक मारते. जेवायला, शाळेला, रागावून, लाडाने. तेवढ्या वेळा नकळत नामस्मरण होते.

आता याचा दुसरा अर्थ काढा. नकळत घेतलेल्या नारायण-नामाने जर एवढे घडते, तर नकळत रोज पन्नास वेळा म्हटलेल्या 'नकोशी'ने काय घडत असेल? म्हणणाऱ्याच्या जिभेवर काय साठत असेल आणि ऐकणारीच्या कानात काय? नामाचा महिमा आपण सांगतो, तो एका बाजूने खरा आणि दुसऱ्या बाजूने खोटा असू शकत नाही. हा प्रश्न मी वाखरीनंतरच्या प्रत्येक अजामिळ आख्यानात विचारला. एका गावी कीर्तन संपल्यावर एक आजी पुढे आली, आणि बुक्का लावून घेताना नातीला पुढे करून म्हणाली, "महाराज, हिचं नाव बदला." मी म्हटले, "बदलणारा मी कोण? तुम्हीच हाक मारा दुसऱ्या नावाने." तिने तिथेच, सगळ्यांसमोर, मुक्ता म्हणून हाक मारली. पोरीने आधी इकडे-तिकडे पाहिले, हाक कुणाला मारली म्हणून. दुसऱ्या हाकेला ती वळली.

आता हल्लीच्या नावांकडे. कियान, रियांश, अन्वी, विहान. पुष्कळ नावांचा मोबाइलवर सांगितलेला अर्थ कोशात सापडत नाही, हे खरे आहे. काही जण आईच्या नावातले एक अक्षर आणि बापाच्या नावातले एक घेऊन नवीनच नाव जोडतात. परदेशी गेलेली आपली मुले असे नाव शोधतात की तिथल्या लोकांना म्हणता यावे आणि इथल्या आजीलाही. याला ओट्यावर नावे ठेवतात. मला मात्र यात एक चांगली गोष्ट दिसते. या आईबापांनी नावासाठी रात्री जागवल्या आहेत. मुलगी झाली तरी तेवढ्याच जागवल्या आहेत. आणि आईचे अक्षर नावात घेणे हे तर उशिरा आलेले शहाणपण आहे. शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरवले. नामदेवांची गोणाई आणि तुकोबांची कनकाई आपल्याला कागदावाचून ठाऊक आहेत, कारण संप्रदायाने आई विसरू दिली नाही.

आइसलंड म्हणून उत्तरेकडे एक छोटा देश आहे. तिथे नवीन नाव ठेवायचे तर १९९१ पासून सरकारी समितीची संमती लागते. आपल्याकडे तशी समिती नाही, पण प्रत्येक ओट्यावर एक बसलेली असते.

मागच्या काही वर्षांतली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातली माणसे भात कापणीच्या आगेमागे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी. एका जोडप्याला बागेतल्या झोपडीत मुलगी झाली. त्यांनी नाव ठेवले द्राक्षा. गावी आल्यावर हसू झाले. "पुढची झाली तर मोसंबी ठेव," असे कुणीतरी म्हणाले. नोंद करणाऱ्यानेही "असे नाव नसते" म्हणून लेखणी थांबवली. तो तरुण माझ्याकडे आला. मी त्याला सांगितले, द्राक्षा हा चांगला संस्कृत शब्द आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि आयुर्वेदाच्या औषधांत तो रोज म्हटला जातो. तुकोबांनी भागीरथी, गंगा अशी लेकींना नद्यांची नावे दिली, कारण नदी जगवते. तुला ज्या वेलीने जगवले तिचे नाव तू लेकीला दिलेस. यात कमी काय आहे? आणि कायद्याचेही सांगितले. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. त्या वेळी नाव ठरले नसेल तर बिननावाची नोंद करून पुढे नाव घालता येते, वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईने कुणी सुचवेल ते नाव लिहून घेऊ नये आणि आपले नाव लिहून घ्यायला लाजूही नये. तो परत गेला आणि नाव लिहून आला. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. तिथल्या मुलांना ते नाव गोड लागते. द्राक्षे कुणाला आवडत नाहीत?

बारशाला मला विचारतात तेव्हा मी एवढेच सांगतो. नाव असे असावे की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ते हाकारता यावे, कारण हाक मारणारे नसेल तर नाव नुसता कागद. मूल मोठे होऊन 'माझे नाव हे का?' असे विचारील, तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर सांगता यावे. माझी आई मला सांगू शकली. त्या माणदेशी माउलीला तिच्या घरातले कोण सांगणार होते? आणि जमले तर नावात, नाही तर नावापुढे, देवाला थोडी जागा ठेवावी. रियांश असेल तर असो. सकाळी उठवताना 'रियांशा, राम कृष्ण हरि' म्हणायला कुणाची हरकत आहे?

वारीत आपण सगळ्यांना माउली म्हणतो. सवयीने म्हणतो, अर्थ मनात येत नाही. पण त्या गर्दीत कुणीतरी अशी असते जिला वर्षातून एवढेच दिवस चांगल्या नावाने हाक मिळते. म्हणून ती हाक नीट मारावी, तोंडाकडे पाहून मारावी. आणि पंढरीहून घरी परतल्यावर उंबऱ्याच्या आत जी लेक, सून, नात असेल, तिलाही तशीच मारावी. वारी वीस दिवसांची आहे. घर तीनशे पंचेचाळीस दिवसांचे.

रामकृष्ण हरि.